एकशेऐंशी दिवसांचे क्यूब

श्रीधरभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सह्या करत होतो. एम.ई.च्या सहा विद्यार्थ्यांचे प्रबंध टेबलावर होते. प्रत्येक प्रबंधाच्या सुरुवातीला एक प्रमाणपत्र असतं, की हे काम या विद्यार्थ्याने स्वतः केलेलं आहे आणि यातली निरीक्षणं खरी आहेत. त्याच्याखाली मार्गदर्शकाची सही लागते. दोन सह्या झाल्या होत्या. फोन श्रीधरभाऊंच्या मेव्हण्याचा होता. "सर, भाऊजी गेले. सकाळी आंघोळीले गेले होते, दार वाजवलं त आवाजच नाही..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. मी "येतो" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेल्या चार सह्या केल्या. का केल्या ते सांगता येत नाही. हात चालत होता, एवढंच. शेवटच्या प्रबंधाचा विषय होता खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचा काँक्रीटवर होणारा परिणाम. आमच्या विद्यापीठात हा विषय माझा म्हणून ओळखला जातो. तो माझा नाही. तो श्रीधरभाऊंचा होता.

याला आता सहा आठवडे झाले. वृत्तपत्राच्या या पुरवणीसाठी त्यांच्यावर काही लिहा, असं मला सुचवण्यात आलं, तेव्हा मी म्हटलं, लिहीन. पण नुसत्या चांगल्या आठवणी लिहिता येणार नाहीत. श्रीधरभाऊंच्या नावावर एक बोल आयुष्यभर राहिला, की त्यांनी एम.ई.च्या प्रकल्पात आकडे खोटे लिहिले आणि म्हणून त्यांची पदवी राहिली. अकोल्यातल्या आमच्या व्यवसायातल्या बहुतेकांनी तो कधी ना कधी ऐकला आहे. तो बोल खोटा आहे. खोटी नोंद मी केली होती. सतरा-अठरा वर्षं ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. ती आता क्रमानं सांगतो.

आमची ओळख एसटीतली. मी तेव्हा अकोल्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात हंगामी शिकवत होतो. श्रीधरभाऊ एका तंत्रनिकेतनात अधिव्याख्याते होते, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, मूळचे बार्शीटाकळीचे. दोघांनीही नोकरी करता करता अमरावतीला एम.ई.ला नाव घातलं होतं. दर शनिवारी सकाळी अकोल्याहून निघायचं, संध्याकाळी परत. जाताना मूर्तिजापूरला गाडी थांबली की चहा आणि परतताना बडनेरा मागे पडलं की डबा, असा आमचा नेम. वहिनी दोन डबे द्यायच्या. पहिल्यांदा मी "कशाला, कशाला" करू लागलो तेव्हा श्रीधरभाऊ म्हणाले, "लेका, तुह्यासाठी नाही देत ते. मी एकटा जेवलो त बाजूच्याले वास येते अन् मले लाज वाटते. तू खाल्लं म्हंजे माही लाज वाचते." पोळीत गुंडाळलेला ठेचा, कधी आलू-वांग्याची कोरडी भाजी. मी अविवाहित होतो, खानावळीत जेवत होतो. ती दोन वर्षं मला शनिवारी तेवढं घरचं मिळायचं.

माझा प्रकल्प सोपा होता, सिमेंटमध्ये काही प्रमाणात राख मिसळून काँक्रीट कसं होतं ते पाहण्याचा. तसे पन्नास प्रबंध आधीच ग्रंथालयात होते. श्रीधरभाऊंनी विषय निवडला तो खारपाणपट्ट्याचा. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या मधोमध पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारं आहे, हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या गावांत लोक घरं बांधतात ती विहिरीच्या, बोअरच्याच पाण्यानं. स्लॅबवर मारायलाही तेच पाणी. "दहा वर्षांत पोपडे निघतात," श्रीधरभाऊ म्हणायचे, "अन् लोकं म्हणतात मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं. मिस्त्रीनं खाल्लं का पान्यानं, ते त एकदा पाहून घेऊ." त्यांना पदवी हवी होतीच. तिच्याशिवाय बढती अडली होती. पण त्यांना उत्तरही हवं होतं. माझ्यात आणि त्यांच्यात पहिला फरक हाच होता.

पद्धत साधी होती. काँक्रीटचे क्यूब पाडायचे. क्यूब म्हणजे जेमतेम वीतभर बाजूचा, आठेक किलोचा ठोकळा. अर्धे क्यूब गोड्या पाण्याच्या टाकीत ठेवायचे, अर्धे खाऱ्या पाण्याच्या. मग अठ्ठावीस, नव्वद आणि एकशेऐंशी दिवसांनी दोन्हीकडचे तीन-तीन काढून मशीनखाली फोडायचे आणि किती भाराला फुटतात ते लिहायचं. खारं पाणी खरोखर तिकडचंच हवं, प्रयोगशाळेत मीठ कालवलेलं नको, हा श्रीधरभाऊंचा हट्ट. म्हणून दर्यापूरकडच्या एका गावातल्या विहिरीवरून आम्ही टेम्पोत ड्रम भरून आणायचो. त्या विहिरीच्या मालकीणबाई पहिल्या दिवशी काठावर उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. "काय करता हो मास्तर ह्या पान्याचं?" श्रीधरभाऊंनी समजावून सांगितलं. बाई हसू दाबत म्हणाल्या, "बाप्पा! ढोरं तोंड लावत नाहीत ह्या पान्याले, अन् तुमी गोट्याले पाजून राहिले?" श्रीधरभाऊ गंभीरपणे म्हणाले, "ढोरं हुशार हायेत मावशी. गोट्याले समजत नाही, म्हनून त त्यायले पाजून पाह्यतो." परतीच्या वाटेवर टेम्पोवाल्यासकट आम्ही तिघं त्यावर हसत होतो.

जानेवारीच्या शेवटी क्यूब पाडले. अमरावतीला आमच्या एम.ई.च्या प्रयोगशाळेच्या मागे विटांच्या दोन टाक्या होत्या. श्रीधरभाऊंनी खाऱ्या टाकीशेजारी खिळ्याला सुतळीनं एक वही टांगली. पाण्याची वही. दर शनिवारी पातळी मोजायची, खारं पाणी किती ओतलं ते लिहायचं आणि ज्यानं ओतलं त्यानं सही करायची. "हे काय पोलीस ठाणं हाय का?" मी चिडवलं होतं. ते म्हणाले, "आपन दोघं हाओत ना. तू केलं का मी केलं, हे नंतर कोनाले ध्यानात राहते? वही राहते."

अठ्ठावीस दिवसांचे क्यूब फोडले. खाऱ्या पाण्यातले किंचित कमी भरले. नव्वदचे एप्रिलअखेरीला फोडले तेव्हा फरक स्पष्ट दिसू लागला. श्रीधरभाऊ इतके खूश झाले की त्या दिवशी अमरावतीच्या स्टँडवर त्यांनी मला दोन ग्लास उसाचा रस पाजला. आता फक्त एकशेऐंशी दिवसांचे राहिले होते, आणि त्यांतच सगळा प्रबंध होता.

मे महिन्यात त्यांच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. एकीकडे बार्शीटाकळी, दुसरीकडे तंत्रनिकेतनाच्या परीक्षा. ते मला म्हणाले, "दिनेश, महिनाभर टाकीचं तू पाहून घेशील का? माह्यानं येनं होत नाही." मी म्हटलं, "भाऊ, हे काय विचारता?" मी मनापासून म्हटलं होतं. पण त्याच महिन्यात माझं लग्न जमत होतं. एका शनिवारी शेंदूरजनाघाटला मुलगी पाहायला गेलो, पुढच्या शनिवारी तिकडची माणसं आमच्याकडे आली, त्याच्या पुढच्या शनिवारी साखरपुडा. संत्र्याच्या बागा उन्हात उभ्या होत्या, विहिरीच्या तळाशी हातभर पाणी, आणि बागायतदार असलेले माझे होणारे सासरे पाण्यावरच बोलत होते. त्यांच्या अंगणात बसून सरबत पिताना टाकीची आठवण एकदा आली होती. मी स्वतःला सांगितलं, एका आठवड्यानं काय होतं?

तीन शनिवार चुकवून मी अमरावतीला गेलो, तर टाकी गळाली होती. बुडाशी जुन्या नळाचं भोक चिंधी कोंबून बंद केलेलं होतं, ती उन्हानं सुकून निसटली असावी. टाकीत चार बोटं पाणी होतं. त्याच्या वर क्यूब उघडे, पांढरट, त्यांच्या अंगावर मिठाची साय धरलेली. मी घाबरलो. टेम्पोवाल्याला फोन केला, तो लग्नाच्या भाड्यावर गेला होता. दुसरा शोधता आला असता. दुसऱ्या दिवशी येता आलं असतं. पण उकाड्यानं जीव जात होता, संध्याकाळी अकोल्याला परत पोचायचं होतं... मी भोकात चिंधी आणि डांबर कोंबलं, उरलेलं पाणी गढूळ दिसत होतं म्हणून तेही उपसून टाकलं, आणि समोरच्या नळाची नळी टाकीत सोडली. गोड्या पाण्यानं टाकी काठोकाठ भरली. क्यूब बुडाले. बुडालेले दिसले म्हणून बरं वाटलं. स्थापत्यशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारा मी, त्या क्षणी एवढाच विचार करत होतो की क्यूबला पाणी पाहिजे.

मग मी वही उघडली. चुकवलेल्या तीन आणि त्या दिवसाची एक, अशा चार नोंदी केल्या. 'खारे पाणी भरले.' चारही ठिकाणी सही. दोन नोंदी निळ्या पेनानं केल्या आणि दोन काळ्या, एकाच दिवशी लिहिल्यासारखं दिसू नये म्हणून. गोडं पाणी घाईत, आळसात भरलं गेलं, असं मी म्हणू शकलो असतो. पण दुसरं पेन मी दप्तरातून शोधून काढलं होतं.

जूनमध्ये श्रीधरभाऊ परत येऊ लागले तेव्हा टाकी भरलेली होती; आटलेल्या पाण्यापुरतंच खारं पाणी ते वरून ओतत राहिले. जुलैच्या अखेरीस एकशेऐंशी दिवस भरले. श्रीधरभाऊंनी क्यूब पुसून, वजन करून मशीनखाली ठेवला. मी डायलवरचा आकडा वाचायला. काटा चढत गेला. नव्वदच्या आकड्याजवळ तो थांबेल, असं त्यांना वाटत होतं. तो पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि क्यूब फुटला तेव्हा तो गोड्या पाण्यातल्या क्यूबच्या जवळपास पोचला होता. दुसरा तसाच, तिसराही. श्रीधरभाऊंनी फुटलेले तुकडे हातात घेऊन वास घेतला, जिभेवर लावून पाहिलं. "दिनेश," ते म्हणाले, "पानी बराबर बदललं होतं ना रे तू?"

"हो भाऊ. वहीत आहे ना."

"हाव. वहीत त हाय," असं म्हणून त्यांनी शाईच्या पेनानं तिन्ही आकडे जसेच्या तसे उतरवून घेतले.

प्रबंध सादर करण्याआधी विभागात सेमिनार असतो, समितीसमोर. आमचे गाईड एकच होते. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. ते माणूस वाईट नव्हते, पण जिभेनं तिखट. श्रीधरभाऊंचा आलेख फळ्यावर आला. खाऱ्या पाण्याची रेघ खाली उतरत उतरत एकदम वर चढलेली. सर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "इंगोले, तुमच्या क्यूबनं मध्येच औषधपाणी घेतलं की काय?" सगळे हसले. समितीतले दुसरे एक प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "शेवटचे क्यूब खरंच फोडले, की घरी बसून आकडे लिहिले? गोड्या पाण्याचे उतरवून काढलेत असं दिसतं." श्रीधरभाऊंचा चेहरा काळवंडला. त्यांनी पिशवीतून पाण्याची वही काढली आणि सरांच्या हातात दिली. "पाह्या ना सर. दर शनिवारची नोंद हाय. मी नव्हतो त ह्यानं केली, सही हाय." सरांनी पानं उलटली, आणि मागच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. "दिनेश, सही तुमचीच ना? खारंच पाणी होतं?"

त्यांच्यानंतर माझा सेमिनार होता. माझ्या मांडीवर माझा प्रबंध होता, नवा बांधलेला. खोटी नोंद केली असं म्हटलं असतं, तर माझ्याही आकड्यांवर कोणी विश्वास ठेवला नसता. दसऱ्यानंतर लग्न होतं. हे सगळं मी त्या दोन क्षणांत मोजलं. आणि म्हटलं, "हो सर."

एवढंच मी बोललो.

सरांनी त्यातूनही वाट काढून दिली होती. एकशेऐंशीचे आकडे गाळा, अठ्ठावीस आणि नव्वदवर प्रबंध लिहून टाका, मी सही करतो. कोणीही तसंच केलं असतं. श्रीधरभाऊ म्हणाले, "सर, मशीननं दिलं ते मी खोडू कसं? हे असं काहून झालं ते समजल्याबिगर मी बाकीचं तरी खरं कसं म्हनू?" ते पुन्हा क्यूब पाडायचे म्हणाले, म्हणजे आणखी सहा महिने. पण वडील अंथरुणावर होते, तंत्रनिकेतनानं रजा दिली नाही, एक सत्र गेलं, मग दुसरं, आणि नोंदणीची मुदत संपली. मी त्या वर्षी प्रथम श्रेणीत पास झालो. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव आहे: 'प्रयोगशाळेतील मोलाच्या सहकार्याबद्दल.' ती ओळ लिहिताना मला काही वाटलं नव्हतं. वाटायला लागलं नंतर, आणि मग थांबलंच नाही.

मी कायम झालो, पुढे डॉक्टरेट केली, विभागप्रमुख झालो. श्रीधरभाऊ अधिव्याख्यातेच राहिले. त्यांचे विद्यार्थी त्यांच्या हाताखालून शिकून येऊन त्यांचे वरिष्ठ झाले. तंत्रनिकेतनात पोरांनी त्यांचं नाव 'एकशेऐंशी सर' ठेवलं होतं. "एकशेऐंशी आले रे!" म्हणून वर्गात पळापळ व्हायची. त्यांना ते माहीत होतं. "नाव त मोठं ठेवलं पोट्ट्यायनं," ते म्हणायचे, "तीनशेसाठ ठेवलं असतं त पुरा गोल झालो असतो." एकदा एका परीक्षकांच्या बैठकीत कोणीतरी ते नाव घेऊन किस्सा सांगितला, खोटे आकडे आणि वर चढलेली रेघ वगैरे. सगळे हसले. मीही हसलो. माझ्या हसण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो.

त्यांनी तो प्रश्न सोडला नाही. घराच्या मागच्या अंगणात त्यांनी दोन हौद बांधले होते. स्वतःच्या खर्चानं क्यूब पाडत, दर्यापूरकडून पाणी आणत आणि फोडायला माझ्या महाविद्यालयात घेऊन येत, स्कूटरच्या पायाशी दोन, डिकीत एक असे. दर वेळी खाऱ्या पाण्यातला क्यूब कमीच भरायचा, जसा भरायला हवा तसा. दुसऱ्या कोणाला त्याचा आनंद झाला असता. श्रीधरभाऊ आणखी कोड्यात पडायचे. "म्हंजे तवाच काय झालं होतं?" सिमेंटची गोणी वेगळी होती का, मशीनचा डायल अडकला होता का, साच्यांना तेल जास्त लागलं का... एकेक शंका ते तपासून खोडत गेले. तीन-चार वर्षं तर त्यांनी नुसत्या सिमेंटवर घातली. मी समोर उभा राहून "असू शकतं भाऊ, असू शकतं" म्हणत होतो. एकदा माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "पाण्याचंच काही झालं असेल तर?" ते मशीन पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "ते नाही. पान्यावर तू होता ना."

तेव्हा सांगायला हवं होतं. दार त्यांनी स्वतः उघडून दिलं होतं. मी चहा मागवला.

आमची शेवटची भेट ते जाण्याच्या दोन महिने आधीची. विभागात आले, खुर्चीवर बसले, जरा लाजल्यासारखे. निवृत्तीला पाच-सहा वर्षं उरली होती. "हसशीन नको," ते म्हणाले. "मी परत एम.ई.ले नाव टाकून राहिलो. चौकशी केली, नव्यानं नोंदनी करता येते."

"आता? कशासाठी भाऊ?"

"बढती नाही पाहिजे आता. पोरीचं लग्न झालं, तिच्या सासऱ्यानं विचारलं, मास्तर तुमचं शिक्षन काय? मी बी.ई. म्हटलं, त कोनीतरी मांगून म्हनते, एम.ई.चं राह्यलं त्यायचं, काहीतरी भानगड झाली होती." ते थोडं थांबले. "भानगड हा शब्द पोरीनं आयकला. बस, तेवढं पुसाचं हाय. तू गाईड हो माहा. तुह्याशिवाय कोनाले मी माहीत नाही."

मी त्यांना म्हटलं, "बघू. नियम पाहावे लागतील." ते खूश होऊन गेले. जाताना म्हणाले, "सर म्हनाव लागन तुले आता." त्या दोन महिन्यांत मी नियम पाहिले. नियमांत काही अडचण नव्हती. अडचण ही होती की त्यांच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर मला सही करावी लागली असती, आणि ती सही करायच्या आधी त्यांना सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून मी फोन केला नाही. त्यांचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. नंतर करू म्हटलं...

तेरवीला पंगतीत माझ्या शेजारी त्यांचे एक जुने सहकारी बसले होते. भाताचा घास हातात धरून म्हणाले, "माणूस सोन्यासारखा होता हो. तेवढं एक त्या आकड्यांचं नडलं." समोर श्रीधरभाऊंची मुलगी वाढत होती. तिनं ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं करून पुढच्या पानाकडे गेली. मी तिथंच बोलायला हवं होतं. मी पाणी प्यायलो. घरी आल्यावर बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती बोटांवर तारखा मोजू लागली. मग म्हणाली, "म्हणजे तो साखरपुड्याचा शनिवार..." मग म्हणाली, "मला नका सांगू. लतावहिनींना सांगा."

पुढच्या आठवड्यात गेलो. दुपारचे चार वाजले असतील. वहिनी मागच्या अंगणात हौदाच्या कठड्यावर बसून गहू निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, दोन पेनांसकट. त्या निवडत राहिल्या. माझं सांगून झालं, तरी त्यांचा हात सुपात फिरतच होता. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे ह्यायचं काहीच चुकलं नव्हतं?"

"नाही वहिनी."

"क्यूब पाडाले, सिमेंट मोजाले, कशातच नाही?"

"कशातच नाही. उलट त्यांचे आकडे अगदी बरोबर होते. गोड्या पाण्यात ठेवले तर असेच यायला हवेत."

"मले किती वेळा म्हनत," त्या म्हणाल्या, "लता, माह्यं कुठं चुकलं ते समजत नाही. जेवता जेवता थांबत अन् म्हनत. मी चिडत होती. म्हनत होती, सोडा ना आता..." त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमी हे आता काहून सांगून राहिले दिनेशभाऊ? त्यायले सांगतलं असतं त रागवले असते दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तुमाले डबा आनून दिला असता. तुमाले मानूस समजलाच नाही."

मी माफी मागितली. त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "घरात सांगून काय होते? लोकायनं बाहेर आयकलं होतं. तुमी बाहेर सांगा. पोरीच्या सासरी पेपर येते." म्हणून हा लेख. समितीतल्या त्या प्राध्यापकांचा पत्ता मिळाला नाही. आमचे सर अमरावतीला असतात, थकले आहेत. त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "मला वही पाहून समजायला हवं होतं." त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. विद्यापीठालाही लेखी कळवलं आहे. पदवी त्यानं मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी मार्गदर्शक म्हणून सह्या करणंही थांबवलं आहे. ती शिक्षा आहे असं मी म्हणत नाही, मला आता ते वाक्य वाचून सही करता येत नाही, एवढंच.

त्या दिवशी मी निघालो, तेव्हा वहिनी आत गेल्या आणि एक जाडजूड रजिस्टर घेऊन आल्या. श्रीधरभाऊंनी सगळे आकडे पहिल्या क्यूबपासून त्यात उतरवले होते. प्रत्येक आकड्यापुढे तारीख, आणि शेवटी एक रकाना: 'कारण'. कुठे साचा सैल, कुठे कोपरा तुटका, कुठे वीज गेली म्हणून मशीन थांबलं, सगळं त्या रकान्यात होतं. जुलैतल्या त्या तीन क्यूबपुढे मात्र काही नव्हतं. तिन्ही ओळींचा मिळून एक महिरपी कंस काढलेला, आणि पुढे कोरं. वर्षानुवर्षं इतक्या शंका घेऊनही, खात्री नाही म्हणून एक अक्षर त्यांनी तिथं लिहिलं नव्हतं.

वहिनींनी रजिस्टर माझ्यासमोर धरलं. "हे भरून द्या," त्या म्हणाल्या.

मी कठड्यावर बसलो. त्यांनी त्यांचंच शाईचं पेन आणून दिलं, पण शाई वाळली होती. मग माझ्या खिशातल्या पेनानं लिहिलं: 'टाकी गळाली. गोडे पाणी भरले. वहीत खारे लिहिले.' खाली सही केली. वहिनी शेजारी उभ्या राहून वाचत होत्या, ओठ हलवत, एकेक शब्द. मी रजिस्टर परत केलं, त्यांनी ते लगेच मिटलं नाही, शाई वाळेपर्यंत हातात उघडंच धरून ठेवलं. रकाना दोन बोटांचा असेल. माझं लिहून झालं, सही झाली, तरी त्यात अजून जागा उरली होती.